टर्बो डिझेलचा बूस्ट सेन्सर : बदलण्याआधी असा तपासा

गाडी चढाला ओढत नाही, दोन हजार आरपीएमच्या पुढे पिकअप मेलेला, चेक लाइट पेटलेला आणि स्कॅनरवर बूस्ट प्रेशरचा कोड. बहुतेक वेळा इथून थेट नव्या सेन्सरची ऑर्डर जाते. सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, गाडी दोन दिवस बरी चालते आणि तिसऱ्या दिवशी तोच दिवा परत पेटतो.

सेन्सरचं काम टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब (म्हणजेच बूस्ट) मोजून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला सांगणं, एवढंच. फाटक्या पाइपातून हवा गळत असेल तर नवा कोरा सेन्सरही कमीच दाब सांगणार. तेव्हा पहिला प्रश्न एकच: सेन्सर सांगतोय तो आकडा खरा आहे का? हे ठरवायला महागडं उपकरण लागत नाही. गाडीभोवतीची हवा हेच सगळ्यात भरवशाचं माप आहे, आणि ते फुकट आहे.

उदाहरणादाखल १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन डोळ्यांसमोर ठेवलं आहे. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत हेच १२४८ सीसीचं इंजिन होतं, आणि पुण्याजवळच्या रांजणगावातही ते बनत असे. ७५ पीएसच्या इंजिनात साधा वेस्टगेटचा टर्बो (जादा धूर झडपेतून बाजूला काढणारा), ९० पीएसच्यात व्हेरिएबल व्हेनचा (पाती फिरवून दाब कमी-जास्त करणारा). तपासणीची रीत मात्र कुठल्याही कॉमन रेल डिझेलला लागू पडते.

सेन्सर कुठे असतो, काय सांगतो

इन्टेक मॅनिफोल्डवर (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळकांड्यावर) किंवा इंटरकूलरकडून (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडून) येणाऱ्या पाइपवर एका-दोन स्क्रूंनी धरलेला, अंगठ्याएवढा काळा प्लास्टिकचा तुकडा शोधा. मॅनिफोल्डवर असेल तर ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) काजळी त्याच्यापर्यंत पोचते. पाइपवर असेल तर फार तर तेलाची ओल. तीन पिना असतील तर तो फक्त दाब मोजतो, चार असतील तर हवेचं तापमानही. बॉशच्या चार पिनांच्या सेन्सरमध्ये सहसा असा क्रम असतो:

पिन १ – अर्थ
पिन २ – तापमानाचा सिग्नल
पिन ३ – ५ व्होल्टचा पुरवठा
पिन ४ – दाबाचा सिग्नल

कपलरवर (सेन्सरला वायरी जोडणाऱ्या सॉकेटवर) बारीक अक्षरांत आकडे कोरलेले असतात, टॉर्च मारून बघा. दुसऱ्या कंपनीच्या सेन्सरचा क्रम वेगळा असू शकतो, त्यामुळे आधी ५ व्होल्ट आणि अर्थ मीटरने शोधा, मगच पुढे जा.

हा सेन्सर ॲबसोल्यूट दाब मोजतो, म्हणजे शून्य धरतो ते निर्वात पोकळीला. टायरचा गेज बाहेरच्या हवेला शून्य म्हणतो, हा तसं म्हणत नाही. इंजिन बंद असतानाही त्याने १०० किलोपास्कलच्या आसपासचा आकडा दाखवायला हवा. ‘गाडी बंद आहे, मग ९५ कसला दाब?’ हा प्रश्न गॅरेजात नेहमी विचारला जातो. तो वातावरणाचा दाब.

आकडा चुकला की काय होतं? सेन्सर खऱ्यापेक्षा कमी सांगत असेल तर ईसीयू डिझेल आखडतं घेतो, गाडी मरगळते, आणि व्हेरिएबल टर्बो असेल तर तो दाब वाढवण्यासाठी टर्बोला आणखी रेटतो. जास्त सांगत असेल तर आहे त्याहून जास्त हवा समजून डिझेल वाढवतो आणि मागून काळा धूर.

लागणारं सामान

१० मेगाओहम इनपुटचा डिजिटल मल्टिमीटर, लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर (ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल आणि मोबाइल ॲप चालतं), दोन बारीक टाचण्या, १ किलोओहमचा एक रेझिस्टर, सेन्सरच्या स्क्रूला बसणारा टॉर्क्स बिट किंवा पाना, एमएएफ क्लीनर किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, आणि मेडिकलमधून ५० मिलीची कॅथेटर टोकाची सिरिंज. सिरिंज कशाला, ते पुढे येईल.

टेस्ट लॅम्प लांब ठेवा. १२ व्होल्टचा बल्ब ५ व्होल्टच्या लाइनवर लावला तर सेन्सर बाजूलाच राहील, ईसीयूचाच खर्च निघेल. कपलर काढताना-लावताना चावी बंद हवी.

पहिली पायरी : कोड नीट वाचा

कोड पुसण्याआधी लिहून घ्या. फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाचे आकडे) मिळत असेल तर तोही.

पी०२३७ किंवा पी०१०७ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार खाली. पी०२३८ किंवा पी०१०८ म्हणजे फार वर. हे सर्किटचे कोड आहेत: वायर, कपलर किंवा सेन्सर. पी०२३६ आणि पी०१०६ म्हणजे व्होल्टेज चालण्यासारखा आहे, पण आकडा पटत नाही. इथे काजळीने तुंबलेलं तोंड किंवा आकडा सरकलेला सेन्सर सापडतो.

पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी०२३४ म्हणजे बूस्ट जास्त. या दोन कोडांवर सेन्सर बदलणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. इथे सेन्सर बहुधा खरं बोलतोय.

दुसरी पायरी : चावी ऑन, इंजिन बंद

ही सगळ्यात मोलाची पायरी आणि हीच सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम. कोड आधी पुसा, कारण सर्किटचा कोड साठलेला असताना बरेच ईसीयू मनाने एक ठरावीक आकडा दाखवतात. तो नेमका १०० च्या आसपास असतो, आणि मेलेला सेन्सर ठणठणीत वाटतो.

आता चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि ‘इन्टेक मॅनिफोल्ड प्रेशर’चा आकडा बघा. तो तुमच्या गावच्या हवेच्या दाबाएवढा हवा. मुंबई, रत्नागिरी, पणजी या किनाऱ्यावरच्या गावांत साधारण १०० ते १०१ किलोपास्कल. नागपूरला ९७-९८. पुणे ५६० मीटरवर, तिथे ९५ च्या आसपास. महाबळेश्वरला जेमतेम ८६. दोन-तीन किलोपास्कलचा फरक सोडून द्या. सहा-आठचा फरक असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग गडबडलेली आहे.

इथे एक सापळा आहे. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. पुण्यात ॲप १०१० हेक्टोपास्कल सांगतं आणि सेन्सर ९५ किलोपास्कल, म्हणजे ९५० हेक्टोपास्कल. हे बघून चांगला सेन्सर फेकून देऊ नका. ॲपच्या आकड्यातून दर १०० मीटर उंचीला सुमारे १.१ किलोपास्कल वजा करा. फोनमध्ये स्वतःचा बॅरोमीटर असेल तर त्याचा न सुधारलेला आकडा थेट चालतो. स्कॅनरवर ‘बॅरोमेट्रिक प्रेशर’ वेगळा येत असेल तर आणखी सोपं: बऱ्याच डिझेल गाड्यांत तो सेन्सर ईसीयूच्या आतच असतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. हेही नसेल तर शेजारची दुसरी टर्बो गाडी घ्या, तोच डोंगल लावा आणि तुलना करा.

तिसरी पायरी : आयडल आणि रेस

पेट्रोल गाडीत आयडलला ३०-४० किलोपास्कल दिसतो, तो आकडा इथे शोधू नका. डिझेलमध्ये थ्रॉटलने हवा अडवलेली नसते, त्यामुळे आयडललाही आकडा वातावरणाच्या जवळच राहतो. थ्रॉटल फ्लॅप किंवा ईजीआर चालू असेल तर दोन-पाच खाली. अशा फ्लॅपच्या गाड्यांत इंजिन बंद करताना फ्लॅप क्षणभर मिटतो आणि सेन्सर त्याच्या पुढे असेल तर आकडा टुपकन खाली येऊन परत वर जातो. हलला म्हणजे सेन्सर जिवंत आहे, इतकं तरी कळतं.

उभ्या गाडीत रेस देऊन बूस्ट बघणं फसवं. लोड नसताना टर्बो फारसा दाब करत नाही. आकडा दहा-वीस किलोपास्कलने वर जाऊन परत येतो. तो चढला-उतरला का, एवढंच बघा. अजिबात हलत नसेल किंवा दोन-तीन सेकंद मागे पडत असेल तर सेन्सरचं तोंड काजळीने बंद झालंय, ही शंका घ्या.

चौथी पायरी : लोडवर

रिकामा, चढाचा रस्ता, शेजारी दुसरा माणूस. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. तिसऱ्या गिअरला १५०० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर, ३५०० पर्यंत. लॉग रेकॉर्ड करा. चांगल्या टर्बो डिझेलमध्ये आकडा साधारण २०० ते २५० किलोपास्कलपर्यंत चढतो. नेमका किती, ते इंजिनवर अवलंबून, म्हणून ईसीयूने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे दोन्ही दाखवणारा स्कॅनर असेल तर तोच वापरा.

साध्या ओबीडी ॲपची एक मर्यादा: त्यातल्या मॅनिफोल्ड प्रेशरच्या ठरलेल्या आकड्याला एकच बाइट असतो, म्हणून तो २५५ च्या वर जाऊच शकत नाही. ट्यून केलेली गाडी २५५ ला चिकटून बसली तर सेन्सर अडकलाय असं समजू नका.

चावी-ऑनचा आकडा बरोबर, आणि लोडवर मागितलेले २२० पण मिळालेले १५०? सेन्सरला सोडा आणि थेट शेवटच्या भागातल्या गळतीकडे जा.

पाचवी पायरी : कपलर आणि वायरिंग

आधी डोळ्यांनी. पावसाळ्यानंतर कपलरमध्ये हिरवट बुरशीसारखा गंज, सैल पिना, मॅनिफोल्डला घासून सोललेली वायर, आणि उंदरांनी कुरतडलेलं हार्नेस (वायरींचा जुडगा). शेवटचं कारण हसण्यावारी नेऊ नका. सोसायटीत उभ्या गाड्यांत ते नेहमी सापडतं.

मग मीटर. कपलर काढून चावी ऑन: ५ व्होल्टच्या पिनवर ४.९ ते ५.१ व्होल्ट हवेत. कमी असतील किंवा शून्य असेल तर वायर तुटली असं लगेच ठरवू नका. ही लाइन रेल प्रेशर सेन्सर, ॲक्सिलरेटर पेडल यांच्याशी वाटून घेतलेली असू शकते, आणि त्यातला एक शॉर्ट झाला तर सगळ्यांनाच खाली ओढतो. एकेक सेन्सरचं कपलर काढत जा. ज्याचं काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, चोर तो.

अर्थ तपासायला ओहम मोजत बसू नका. कपलर परत लावा, मागच्या रबर सीलमधून टाचणी अलगद सरकवा, इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, आणि सेन्सरची अर्थ पिन ते बॅटरीचा निगेटिव्ह असा व्होल्टेज मोजा. ०.०५ व्होल्टच्या आत हवा. ०.२ असेल तर तेवढी चूक प्रत्येक आकड्यात मिसळते आणि सेन्सर विनाकारण बदनाम होतो. वायरचं इन्सुलेशन टोचून मोजू नका. त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं आणि तांबं आतून सडतं.

सिग्नलची वायर ईसीयूपर्यंत धड आहे का, हे बघायला रेझिस्टर. कपलर काढलेला, चावी ऑन, १ किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टची पिन आणि सिग्नलची पिन यांच्यामध्ये. स्कॅनरवर आकडा कमाल टोकाला जायला हवा किंवा कोड ‘फार वर’चा यायला हवा. मग रेझिस्टर काढून सिग्नल आणि अर्थ यांच्यामध्ये लावा: कोड ‘फार खाली’कडे पलटला पाहिजे. पलटला तर वायर आणि ईसीयू दोन्ही ठीक, दोष सेन्सरकडे. पलटला नाही तर नवा सेन्सर आणूनही काही होणार नाही. हे करताना हार्नेस हातात धरून हलवत राहा. वायर आतून तुटलेली असेल तर इथेच पकडली जाते.

तापमानाची पिन असेल तर चावी बंद करून, सेन्सरच्या पिन १ आणि २ मध्ये रेझिस्टन्स मोजा. बॉशच्या सेन्सरला २० अंशांना सुमारे २.५ किलोओहम, ३० ला १.७, ४० ला १.२, ६० ला ६०० ओहमच्या आसपास. हातात धरून गरम केला की आकडा संथपणे उतरायला हवा.

सहावी पायरी : काढा, बघा, धुवा

सेन्सर जुना असेल तर प्लास्टिकचा कान ठिसूळ झालेला असतो. उचकटू नका, थोडं फिरवत वर घ्या. टोकावर काजळी आणि तेलाचा डांबरासारखा थर असेल तर निम्मं कोडं इथेच सुटलं. क्लीनर तिरका फवारा, काळं पाणी गळू द्या, पुन्हा फवारा, तीन-चार वेळा. आत टाचणी घालू नका, एअर गनची हवा मारू नका, कार्ब क्लीनर वापरू नका. आतला पडदा आणि त्यावरचं जेल नाजूक असतं. पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. मॅनिफोल्डवरचं भोकही तपासा. तेच काजळीने बुजलेलं असेल तर स्वच्छ सेन्सर बंद खोलीतला दाब मोजत बसेल.

ओ-रिंग चपटी किंवा चिरलेली असेल तर बदला, थेंबभर इंजिन ऑइल लावा. स्क्रू हाताने बसतो तेवढाच कसा.

सातवी पायरी : सिरिंजची परीक्षा

सेन्सर काढलेलाच आहे, तर हे करूनच टाका. ओ-रिंगवर घट्ट बसेल अशी नळी सेन्सरच्या तोंडाला लावून क्लिपने आवळा, दुसऱ्या टोकाला सिरिंज. नळी जितकी आखूड तितकं बरं. नळी जोडताना दट्ट्या ५० वर हवा. कपलर गाडीच्या हार्नेसला लावा, सिग्नलच्या पिनमध्ये मागून टाचणी, चावी ऑन, इंजिन बंद.

आता दट्ट्या हळूहळू २५ वर दाबा आणि पाच सेकंद थांबा. जागा निम्मी झाली की ॲबसोल्यूट दाब दुप्पट. नळीतल्या अडकलेल्या हवेमुळे थोडा कमी. नळीत ३ मिली हवा धरली तर ५३ भागिले २८, म्हणजे १.८९ पट. पुण्यातले ९५ किलोपास्कल सुमारे १८० होतील. स्कॅनरने १७५ ते १८५ दाखवलं तर सेन्सर बूस्टच्या पट्ट्यातही सरळ आहे. घाईने दाबू नका: हवा तापते आणि आकडा क्षणभर जास्त दिसतो.

व्होल्टमध्ये बघायचं असेल तर सेन्सरचा पल्ला माहीत हवा. २० ते ३०० किलोपास्कलच्या आणि ०.४ ते ४.६५ व्होल्ट देणाऱ्या सेन्सरला ९५ वर १.५४ व्होल्ट, १५० वर २.३७, १८० वर २.८३, २०० वर ३.१३. त्याच व्होल्टेजच्या २५० किलोपास्कलवाल्याला ९५ वर १.७९, १५० वर २.८०, १८० वर ३.३६, २०० वर ३.७३.

दट्ट्या तसाच धरून अर्धा मिनिट थांबा. आकडा घसरत असेल तर आधी नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावा. फुगे आले नाहीत आणि तरी घसरतोय, तर सेन्सरचं आवरण फुटलंय. ज्याचा चावी-ऑनचा आकडा बरोबर पण १८० च्या जागी १५० दाखवतो, तो सेन्सर वरच्या टोकाला झुकलेला आहे. असाच दोष दुसऱ्या पायरीत निसटतो. त्याला बदलण्यावाचून इलाज नाही.

सेन्सर खरा ठरला तर

मग बूस्ट खरंच कमी आहे. एअर फिल्टर, इंटरकूलरचे रबरी पाइप (वळणाच्या आतल्या बाजूची चीर गाडी थंड असताना दिसत नाही, हाताने पिळून बघा), सैल क्लॅम्प, इंटरकूलरचे प्लास्टिकचे कोपरे, उघडाच अडकलेला ईजीआर. जोडाजवळ ताज्या तेलाची चकाकी असेल तर हवा तिथून निघतेय. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्चुएटर (टर्बोची झडप किंवा पाती हलवणारा डबा) असेल तर हाताच्या पंपाने त्याची दांडी हलते का आणि व्हॅक्यूम धरून राहतो का, ते बघा. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या उष्णतेने चिरतात. व्हेरिएबल टर्बोत काजळीने व्हेन अडकणं हेही नेहमीचं.

नवा घेताना

काढलेल्या सेन्सरवरचा पूर्ण नंबर जुळवा. बॉशच्या डिझेल सेन्सरचा नंबर ०२८१ ने सुरू होतो. दिसायला, बसायला आणि कपलरला एकसारखे सेन्सर वेगवेगळ्या पल्ल्याचे मिळतात, आणि काउंटरवर ‘हाच बसतो साहेब’ म्हणून भलताच हातात पडतो. बसतो हे खरं.

३०० चा सेन्सर मागणाऱ्या गाडीत २५० चा बसवला तर पुण्यात चावी-ऑनला ९५ ऐवजी १११ दिसेल. उलट केलं तर ८२. दुसरी चूक जास्त धोक्याची: खरा दाब २०० असताना ईसीयूला १६८ च दिसतो आणि तो टर्बोला आणखी रेटत राहतो. म्हणून नवा सेन्सर बसवल्यावर इंजिन चालू करण्याआधी दुसरी पायरी पुन्हा करा. आकडा गावच्या हवेशी जुळला नाही तर पॅकिंगसकट परत न्या. जुळला तर कोड पुसा, चौथ्या पायरीचा चढ पुन्हा चढा आणि आधीच्या लॉगशेजारी नवा लॉग ठेवून बघा.